तडीच्या पार

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेचा बराचसा भाग पैनगंगा नदीने आखला आहे. अलीकडे कळमनुरी, पलीकडे पुसद आणि उमरखेड. आज पूल ओलांडला की फक्त जिल्हा बदलतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत मात्र हेच पाणी ओलांडले की राज्य बदलत असे. दक्षिण काठावर निजामाचे हैदराबाद संस्थान, म्हणजे लोकांच्या बोलीतली मोगलाई. उत्तर काठावर इंग्रजी अमलातला, अखेरच्या वर्षभरात स्वतंत्र भारतातला वऱ्हाड. नाणे वेगळे, कचेरीची भाषा वेगळी, पोलीस वेगळा. माणसाला मुलखाबाहेर घालवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला मराठी प्रदेशात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल. आपण रोज वापरतो तो ‘तडीपार’ हा शब्द इथे अक्षरशः खरा होता. तड म्हणजे काठ, तीर. काम तडीस नेतो आपण, ती हीच तड. तडीपार म्हणजे काठापलीकडे टाकलेला.

‘हद्दपार’ त्याचाच सख्खा भाऊ, पण अर्ध्या घराण्याचा. ‘हद्द’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली आणि मराठीत इतकी मुरली की ‘हद्द झाली’ म्हणताना ती परकी होती हे कोणाच्या मनातही येत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असला तरी वापरात थोडा फरक पडला आहे. पोलिसांच्या प्रस्तावावर ‘हद्दपार’ लिहिलेले असते आणि चहाच्या टपरीवर ‘तडीपार’ बोलले जाते. पोलिओ, प्लास्टिक, देवीचा रोग या गोष्टी वर्तमानपत्रांत हद्दपार होतात, तडीपार होत नाहीत. तडीपार फक्त माणूस होतो.

या दोघांच्या आजूबाजूला शब्दांचा मोठा गोतावळा आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द वेगळी हकिगत सांगतो. ‘वनवास’ला मुदत असते: रामाला चौदा वर्षे, पांडवांना बारा अधिक अज्ञातवासाचे एक. त्यातून परतण्याचे वचन असते. औंढा नागनाथाचे मूळ देऊळ वनवासातल्या धर्मराजाने बांधले, अशी दंतकथा या जिल्ह्यात सांगतात. इतिहास म्हणून ती टिकणार नाही. पण राज्यातून घालवलेला राजा जाईल तिथे देऊळ उभारतो, ही कल्पना लोकांना जवळची वाटली हे खरे. ‘विवासन’ हा संस्कृत धर्मशास्त्राचा आणि दंडनीतीचा शब्द. ब्राह्मण अपराध्याला देहदंड नको म्हणून देशाबाहेर घालवण्याची तरतूद स्मृतींनी केली, कौटिल्यानेही केली. म्हणजे ज्या शिक्षेला आपण कठोर मानतो, ती त्या काळी वरच्या वर्णाला दिलेली सवलत होती. ‘वाळीत टाकणे’ यात माणूस गावातच राहतो आणि गाव त्याच्यापुरते नाहीसे होते. विहीर, न्हावी, लग्नाचे आवतण, तिरडीला खांदा, सगळे बंद. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य होते, याचा अभिमान जरूर असावा. पण त्याची गरज एकविसाव्या शतकात पडली, तेही विसरू नये.

‘परागंदा’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ विखुरलेला. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या मराठी कागदांत तो वारंवार भेटतो. दुष्काळ पडला, फौज येऊन गेली, वसुलीचा तगादा असह्य झाला की रयत परागंदा झाल्याचे लिहिलेले असते. इथे कोणी हुकूम काढून माणसाला घालवलेले नाही. माणूसच रातोरात उठून गेला आहे. त्याला परत आणण्यासाठी सरकार कौल देई: अमुक वर्षे सारा माफ, पुढे थोडा थोडा वाढवत नेऊ, पण या आणि पुन्हा नांगर धरा. ओस पडलेले गाव कौल देऊन वसवणे हे पाटलाच्या आणि देशमुखाच्या कर्तबगारीचे माप मानले जाई. हाकलण्याइतकेच परत बोलावण्याचेही रीतसर कागद आपल्याकडे होते, हे मला या सगळ्या शब्दसंग्रहातले सर्वांत मोलाचे वाटते.

आणि ‘देशोधडी’. हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही. देशोधडीला माणूस लागतो किंवा कोणीतरी त्याला लावतो. लावणारा सावकार असेल, भाऊबंद असतील, सलग दोन वर्षे न आलेला पाऊस असेल. त्यावर कोणाची सही नसते. दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे या शब्दाचा अर्थ शब्दकोश न उघडता सांगतील. पोरे, भांडीकुंडी, शेळी, सगळे एका ट्रकमध्ये, आणि गावातल्या घराला कुलूप किंवा ओसरीवर म्हातारे आईबाप. ती हंगामापुरती जातात, हंगाम संपला की परततात, म्हणून त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाही. पण दरवर्षी पाच-सहा महिने गाव सोडावे लागणे आणि ते कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर पोटाने, हेही मुलखाबाहेर पडणेच आहे.

नर्सी बामणी हे हिंगोलीजवळचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पुढे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एवढ्या दूर गेलेल्या माणसासाठी मात्र मराठीने यांतला एकही शब्द वापरला नाही. तिथे ती ‘देशाटन’ म्हणते, ‘तीर्थयात्रा’ म्हणते. अंतर तेच किंवा कितीतरी जास्त, पण पाय स्वतःच्या मर्जीने उचललेला.

आता शिक्षेकडे येऊ. हिंगोलीचे नाव काळ्या पाण्याशी एका अंगावर काटा आणणाऱ्या प्रकरणातून जोडले गेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोली ही निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. त्या फौजेत नोकरी केलेला फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवरची आपली प्रसिद्ध कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हरिसिंग नावाच्या हिंगोलीच्या व्यापाऱ्याची हकिगत दिली आहे. माणूस प्रतिष्ठित, स्वतः टेलरनेही त्याच्याशी खरेदीविक्रीचे व्यवहार केलेले. त्याने एकदा मुंबईहून कापड आणायचे आहे म्हणून अधिकाऱ्याकडे परवाना मागितला. दुसरा एक व्यापारी तसाच माल घेऊन वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह संपवले, माल स्वतःच्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड उघड विकला. पकडल्यावर त्याने सांगितले नसते, तर हे कधीच कळले नसते. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून जेमतेम शंभर यार्डांवर माणसे मारली गेली आणि जवळच पुरली गेली, असेही टेलर लिहितो. संगिनी घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांना त्याचा सुगावा लागला नाही.

याच प्रस्तावनेत १८३१ ते १८३७ या सात वर्षांचा हिशेब आहे. ४१२ ठगांना फाशी झाली. १,०५९ जणांना पिनांगसारख्या ठिकाणी समुद्रापार पाठवले गेले. फासावर गेलेल्यांच्या अडीचपट माणसे जहाजावर चढवली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ठगांना पकडताना कंपनी सरकारने माफीच्या साक्षीदारांवर फार भिस्त ठेवली आणि त्या खटल्यांच्या न्याय्यतेबद्दल इतिहासकारांनी पुढे गंभीर शंका घेतल्या आहेत. ती चर्चा मोठी आहे. इथे मुद्दा शिक्षेचा. पिनांग हे मलाया किनाऱ्याजवळचे बेट. अंदमानातला सेल्युलर जेल बांधून झाला १९०६ मध्ये. म्हणजे ‘काळे पाणी’ म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर येणाऱ्या त्या इमारतीच्या कितीतरी आधी हिंदुस्थानातले कैदी बेंकुलन, पिनांग, मॉरिशस आणि सिंगापूरला रस्ते खोदायला आणि जंगल तोडायला नेले जात होते. सरकारला दुहेरी फायदा होता. धोकादायक माणूस नजरेआड जाई आणि नव्या वसाहतीला फुकट मजूर मिळे.

या शिक्षेची दहशत फक्त अंतराची नव्हती. समुद्र ओलांडला की जात गेली, अशी समजूत. जहाजावर कोणी शिजवलेले, कोणाच्या हातचे पाणी, सगळे एक. मागे राहिलेल्या बायकोचे काय मानायचे, सवाष्ण की विधवा? श्राद्ध कधी घालायचे? फाशी झालेल्या माणसाच्या घरात निदान दुःखाला तिथी मिळते. इथे तीही नाही. इंग्रजांना ही भीती पक्की ठाऊक होती आणि त्यांनी ती जाणून वापरली.

राजेलोकांसाठी त्यांच्याकडे वेगळी पद्धत होती. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये शरणागती पत्करली तेव्हा त्याला वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन देऊन गंगाकाठी बिठूरला ठेवले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले आणि ते १८४७ मध्ये तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षे तिथे राहिले. धनी काशीत, वकील विलायतेत आणि गादी साताऱ्यात. १८५७ नंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेले. पुढे ब्रह्मदेश जिंकल्यावर तिथल्या थिबा राजाला आणले रत्नागिरीला. तो १९१६ मध्ये तिथेच गेला आणि त्याचा राजवाडा अजून उभा आहे. एकाचा मायदेश ही दुसऱ्याची कैद, अशी ही अदलाबदल होती. राजे नसलेल्या बंडखोरांनाही असेच दूर नेले. वासुदेव बळवंत फडके एडनला १८८३ मध्ये वारले. टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला पाठवले, तिथे त्यांनी सहा वर्षे काढली. सगळ्यांच्या बाबतीत एकच हिशेब होता: माणूस मेला तर हुतात्मा होतो, गावात राहिला तर पुढारी होतो, म्हणून त्याला त्याची भाषा कोणी बोलत नाही अशा ठिकाणी ठेवा.

निजामाच्या राज्यात हा हिशेब थोड्या वेगळ्या रीतीने मांडला जाई. १८८०च्या दशकात तिथल्या दरबाराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली आणि उर्दूत या शिक्षेला ‘जिलावतन’, ‘शहरबदर’ असे शब्द आहेत. त्या संस्थानातले १८८३ चे एक प्रकरण मुद्दाम सांगायला हवे. हैदराबादपासून चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत रेल्वे नेण्याची योजना होती. तिच्या अटी संस्थानाच्या तिजोरीला परवडणाऱ्या आहेत का, यावर जाहीर चर्चा व्हावी, असा आग्रह धरणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. ते शिक्षणखात्यातले विद्वान, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना संस्थानाबाहेर काढण्यात आले. नंतर परत बोलावून पुन्हा कामावरही घेतले. एका रेल्वेच्या कर्जाबद्दल प्रश्न विचारल्याची ही शिक्षा.

पुढच्या काळात तर आख्खी सभाच हद्दपार झाली. संस्थानात राजकीय परिषद भरवायला परवानगी मिळेना, म्हणून हैदराबादच्या प्रजेने आपल्या परिषदा संस्थानाबाहेर भरवल्या. १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे, १९३१ मध्ये अकोला. आपल्या गावाच्या कारभाराबद्दल बोलायला परक्या गावात मंडप घालायचा! १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच साली उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

१९४७-४८ मध्ये पैनगंगेचा काठ या गोष्टीत आला. रझाकारांच्या धाकाने मराठवाड्यातली कुटुंबे मिळेल त्या बाजूने सीमा ओलांडू लागली. कोणी बार्शी-सोलापूरकडे, कोणी नगरकडे, आणि हिंगोली-कळमनुरीच्या बाजूचे वऱ्हाडात. स्टेट काँग्रेसचे सशस्त्र तळही सरहद्दीला लागून इंग्रजी मुलखाच्या, आणि १५ ऑगस्टनंतर स्वतंत्र भारताच्या बाजूला उभे राहिले. त्यांतला एक उमरखेडला होता. ज्यांना मोगलाईत पाय ठेवता येत नव्हता ते रात्री नदी ओलांडून येत आणि उजाडायच्या आत परत जात. नदी तीच, पण शिक्षा म्हणून ओलांडलेली वेगळी आणि आसरा म्हणून ओलांडलेली वेगळी. तडीपार या शब्दात हे दोन्ही अर्थ मावू शकतात, हे त्या पिढीने अनुभवले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली, निजाम शरण आला आणि सरहद्द पुसली गेली. पळालेली कुटुंबे परतली. पण त्याच आठवड्यांत मराठवाड्यातली अनेक मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून आपली गावे सोडत होती. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हिंसा झाल्याचे नोंदवले, त्यांत नांदेड होते, उस्मानाबाद होते. ही दुसरी परागंदा रयत आपल्या मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत येत नाही. ती यायला हवी.

त्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या नवव्या कलमात मनमानी अटक आणि स्थानबद्धतेच्या जोडीला मनमानी हद्दपारीलाही मनाई आहे. भारताच्या राज्यघटनेने कलम १९ मध्ये प्रत्येक नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिला. भारतीय नागरिकाला भारताबाहेर घालवण्याची शिक्षा आज आपल्या फौजदारी कायद्यात नाही. ‘काळ्या पाण्याची शिक्षा’ दंडसंहितेतून १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी जन्मठेप आली.

देशातून घालवणे बंद झाले, जिल्ह्यातून घालवणे राहिले. घटना लागू होऊन काही महिने झाले नाहीत तोच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तोही एका मराठी माणसामुळे. मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. नारायण भास्कर खरे यांना मार्च १९५० मध्ये दिल्ली जिल्ह्यातून तीन महिन्यांसाठी बाहेर जाण्याचा हुकूम झाला होता. हा हुकूम ज्या कायद्याखाली निघाला होता, तो न्यायालयाने बहुमताने वैध ठरवला. सार्वजनिक हितासाठी माणसाच्या फिरण्यावर वाजवी बंधने घालता येतात, हे तत्त्व तेव्हापासून कायम आहे.

महाराष्ट्रात हे काम १९५१ च्या पोलीस कायद्याने होते. कलम ५५ टोळ्यांसाठी, ५६ गुन्हा करण्याच्या बेतात असलेल्या किंवा दहशत बसवणाऱ्या व्यक्तीसाठी, ५७ पूर्वी शिक्षा झालेल्यांसाठी. पोलीस ठाण्यातून प्रस्ताव निघतो, चौकशी होते, नोटीस बजावली जाते, माणसाला म्हणणे मांडायची संधी मिळते आणि आदेश बहुधा प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी काढतात. निवडणूक किंवा गणेशोत्सव तोंडावर आला की अशा आदेशांच्या बातम्या वाढतात. कागद हातात घेतला तर त्यात गुन्ह्यांचा तक्ता दिसतो: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द, ‘न्यायप्रविष्ट’. म्हणजे खटला अजून सुटलेला नाही. त्याखाली गोपनीय साक्षीदार ‘अ’ आणि ‘ब’. त्यांची नावे नसतात, कारण भीतीपोटी माणसे उघडपणे साक्ष द्यायला धजावत नाहीत, हेच तर कलम ५६ चे एक गृहीतक आहे. गुंडाच्या जाचाने गांजलेल्या गल्लीला ही तरतूद खरोखर दिलासा देते. आणि ज्याच्यावर ती लागते त्याला आपल्याविरुद्ध कोण बोलले, हे कळत नाही.

हद्द किती, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या अधिकारक्षेत्रातून आणि त्याला लागून असलेल्या जिल्ह्यांतून माणसाला काढता येते. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळी झाली. पाच तालुक्यांचा छोटा जिल्हा. फक्त हिंगोलीतून काढलेला माणूस पैनगंगेच्या पुलापलीकडे खोली घेऊन राहू शकतो आणि अलीकडच्यांना रोज पुलावर बोलावू शकतो. म्हणून अशा ठिकाणी परभणी, नांदेड, वाशीम, यवतमाळ ही नावे आदेशात जोडता येतात. ती सगळी जोडावीत की एखादेच, याला मात्र कारण द्यावे लागते.

मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. मुदतीत परत आला तर पोलीस उचलून पुन्हा हद्दीबाहेर सोडतात आणि तो स्वतंत्र गुन्हाही ठरतो. आई आजारी पडली, बहिणीचे लग्न निघाले, तर कलम ६३ खाली तात्पुरती परवानगी मागता येते. शेत असेल तर पेरणी दुसऱ्याने करायची, दुकान असेल तर शटर खाली.

हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या जालना जिल्ह्यातल्या एका माणसाला १५ डिसेंबर २०२० च्या आदेशाने पुरत्या दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने २८ जानेवारी २०२२ रोजी तो आदेश रद्द केला. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, त्यामुळे माणसाला स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच कुटुंबाबरोबर राहता येत नाही आणि त्याची रोजीरोटीही बुडू शकते, असे निकालात म्हटले आहे. आदेशात २०१३ आणि २०१८ चे जुने गुन्हे आधाराला घेतले होते, त्यांचा आजच्या धोक्याशी जिवंत संबंध दिसत नव्हता. साक्षीदार पुढे यायला तयार नाहीत, याची खात्री अधिकाऱ्याने नोंदवलेली नव्हती. कमाल मुदतच का हवी, याचेही कारण दिलेले नव्हते. निकाल लागला तेव्हा आदेशातल्या दोन वर्षांपैकी तेरा महिने होऊन गेले होते.